दोना जेर्त्रूदेसच्या कमरेची नागीण

फोंतेलाच्या मासळी बाजारात सकाळी पहिला आवाज उठायचा तो एर्मेलिंदाचा. "तारल्या घ्या, तारल्या! डोळे बघा कसे चकाकतायत, तुमच्या नवऱ्याचे कधी चकाकले होते का?" बाया लाजायच्या, तिला शिव्या घालायच्या आणि दोन तारल्या जास्तच घेऊन जायच्या. चौसष्टीची विधवा, उंचीला बेताची, अंगानं भरलेली, आणि दंड असे की ती बर्फाचं खोकं उचलायला लागली की बंदरावरचे गडी दुसरीकडे बघायचे.

पण नुसती मासळीवाली म्हणून तिला कोणी ओळखत नसे. पोर्तुगालच्या उत्तर टोकाला नदी समुद्राला मिळते तिथलं हे गाव, आणि इथे वर्ष सुरू होतं ते ऑगस्टात, संत ओव्हीदियोच्या जत्रेला. ओव्हीदियो हा कानांचा संत. त्याच्या कानावर काही घालायचं तर हळू बोलून कसं भागेल? म्हणून जत्रेला ढोल. आणि ढोलांच्या पुढे नाचतात दोन अजस्र बाहुल्या, सेन्योर आनास्तासियो आणि त्याची बायको दोना जेर्त्रूदेस. माडीवरच्या माणसाशी नजरानजर होईल एवढी उंच जोडी! कागदाच्या लगद्याची डोकी, आत लाकडी सांगाडा, वरून कपडे. कपड्यांच्या आत माणूस शिरतो, सांगाडा खांद्यावर घेतो, कमरेला पट्टा आवळतो आणि नाचतो. बाहुलीच्या पोटाशी टीचभर खिडकी असते, तेवढंच काय ते जग दिसतं.

जेर्त्रूदेसच्या आत जन्मभर एर्मेलिंदाचा नवरा आबीलियो होता. तो गेला तेव्हा जत्रा समिती बसली आणि आता कोण, असं म्हणून सगळे पुरुष आपापल्या बुटांकडे बघायला लागले. एर्मेलिंदा उठली. "कोण म्हणजे? माझा नवरा इतकी वर्षं बाईच्या घागऱ्यात नाचला तेव्हा कोणाला लाज वाटली नाही. मी तर मुळातच बाई आहे." आणि शिरली की आत! त्या वर्षी जेर्त्रूदेसनं अशी गिरकी घेतली की तिचे लोंबते हात आडवे झाले आणि पहिल्या रांगेतल्या चार-पाच टोप्या उडून थेट नदीत. ज्याची टोपी उडाली त्याचं वर्ष सुखाचं जातं, असं लोकांनी जागच्या जागी ठरवून टाकलं. मग काय, पुढच्या वर्षी पहिल्या रांगेसाठी मारामारी!

आतमध्ये अंधार, घाम, आणि लाकडात मुरलेला आबीलियोच्या तंबाखूचा वास. तिथे एर्मेलिंदा गरगर फिरायची आणि खदखदा हसायची. वर्षभर घरी आलं की चार भिंती आणि मीठ लावलेला मासा, हसणार कोणापाशी? म्हणून जेर्त्रूदेस तिच्या हातून जाणं म्हणजे नुसता मान जाणं नव्हतं. तिचा जीव होता त्या बाहुलीत.

आणि नेमकी तिथेच नागीण आडवी आली.

दोन वर्षांपूर्वी जत्रा संपली आणि उजव्या बरगडीखाली चुणचुण सुरू झाली. तिला वाटलं पट्टा घासला. तिनं मासळीवरचा बर्फ फडक्यात बांधून लावला. दोन दिवसांत तिथे लाल पट्टा, त्यावर फोडांची रांग, कुशीतून पाठीकडे सरकणारी. आग अशी की पांघरुणाचा स्पर्श नको, वाऱ्याची झुळूक नको. नागीणच ती, तिला कळलं होतं. पण बोलणार कोणाला? फोंतेलात नागीण म्हणजे अब्रूचा प्रश्न. इथली समजूत अशी की कपडे वाळत पडलेले असताना त्यांवरून सरडा, पाल नाहीतर साप गेला आणि ते कपडे इस्त्री न करता अंगात घातले, की नागीण होते. म्हणजे ज्या घरी नागीण, त्या घरी इस्त्री नाही. आळशी बाईचा रोग, एवढा साधा हिशेब. एर्मेलिंदानं ओठ घट्ट मिटले आणि तारल्या विकत राहिली. फोड सुकले, पण ठणका काही जाईना. तो गेला एकदाचा नाताळला.

दुसऱ्या वर्षी जत्रेच्या तोंडावर तीच बाजू, तीच आग. या वेळी लपलं नाही, कारण बाजारात एका मैत्रिणीनं प्रेमानं मिठी मारली आणि एर्मेलिंदानं अशी किंकाळी फोडली की तोलून ठेवलेले बांगडे जमिनीवर पडले. जत्रेच्या दिवशी ती अंथरुणात आणि जेर्त्रूदेसच्या आत निकोलाऊ. हा निकोलाऊ म्हणजे समितीचे अध्यक्ष बेल्मिरोराव यांचा जावई. नाचला म्हणे! नाचला कसला, जेर्त्रूदेस बिचारी रस्ताभर ठेचकाळत होती. शेवटी गोड भजी तळणाऱ्याच्या गाड्यावर पालथी झाली आणि तिच्या नाकाचा शेंडा कढईत बुडाला. नाक नवीन बसवावं लागलं. तरी बेल्मिरोरावांनी जाहीर केलं, "पुढच्या वर्षी एर्मेलिंदाबाई उभ्या राहिल्या तर ठीक. नाहीतर जेर्त्रूदेस कायमची निकोलाऊकडे. दरवर्षी अध्यक्षानं काय बाईंच्या बरगडीची चौकशी करत बसायची?" बेल्मिरोरावांचा धंदा शवपेट्यांचा. त्यामुळे त्यांनी 'कायमची' म्हटलं की अंगावर काटाच यायचा.

एर्मेलिंदाच्या भिंतीला भिंत लागून तिची नणंद आल्बेर्तिना राहायची. आबीलियोची धाकटी बहीण, बिनलग्नाची, काटकुळी, तोंडाची फटकळ. नागीण कापण्याची विद्या तिला आईकडून आलेली. पंचक्रोशीतले नागीणवाले तिच्या स्वयंपाकघरात यायचे. आणि इस्त्री तर अशी करायची की विचारू नका! चादरी, मोजे, फडकी, भांडी पुसायचं पोतेरंसुद्धा. तिच्या घरात साप शिरला असता तर त्यालाही सरळ करून, घडी घालून ठेवला असता.

वहिनीला नागीण झाल्याचं कळलं आणि ही कमरेवर हात ठेवून दारात उभी. "वहिनी, हे झालंच कसं? तुझे कपडे मी इस्त्री करते! माझ्या हातच्या कपड्यात नागीण?"

"अगं, झाली. तुझं काय चुकलं?"

"माझं काही चुकलेलं नाहीच! म्हणून तर विचारतेय." आणि पाय आपटत गेली. आठवडाभर तिला अन्न गोड लागलं नाही. मग एके दिवशी ती तशीच पिठाच्या हातांनी धावत आली. "वहिनी! सापडली! अगं, नागीण तुला नाहीच झालेली. जेर्त्रूदेसला झालीय!"

"काय?"

"तिचा घागरा दरवर्षी नदीवर धुता ना? गवतावर पसरून वाळवता ना? आई होती तोवर ती इस्त्री करायची. आई गेल्यापासून कोणी केली? सांग, कोणी केली? एवढ्या थोरल्या घागऱ्यावरून सरडे गेले असतील, साप गेले असतील, सापांची वरात गेली असेल! नागीण तिच्या कमरेला आहे. तू आत शिरतेस, ती तुला डसते."

एर्मेलिंदा हसून हसून खुर्चीवरून घसरली. पण संध्याकाळपर्यंत गोष्ट गावभर झाली आणि गावाला ती शंभर टक्के पटली. लोक म्हणाले, तरीच! निकोलाऊ आत असताना ती पडली ती उगाच नाही. आजारीच होती बिचारी.

इकडे एर्मेलिंदानं एक गोष्ट कोणालाही न सांगता केली होती. ती सरकारी दवाखान्यात गेली होती. तिथली डॉक्टर मफाल्दा म्हणजे जेमतेम तिशीची पोरगी, पण नजर करारी.

"मावशी, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"आल्या तर! आम्ही सगळी भावंडं एका गादीवर, सगळ्यांना एकदम."

"त्यांचीच ही नागीण. कांजिण्या बऱ्या झाल्या, पण त्यांचा विषाणू कुठे गेला नाही. पाठीच्या कण्यापाशी, नसेच्या मुळाशी झोपून राहिला. वय झालं, शरीर थकलं, झोप मोडली, जिवाला घोर लागला की तो उठतो आणि त्या नसेच्या वाटेनं बाहेर येतो. म्हणून पट्टा दिसतो. यात सरडा नाही आणि साप तर नाहीच."

"म्हणजे त्यानं झोपायचं असेल तर आधी मी झोपायला पाहिजे?"

"अगदी बरोबर. पहाटे उठून मासळीच्या लिलावाला कोण जातं?"

"मीच."

"दुपारी?"

"दुपारी जाळी दुरुस्त करते, मग घर, मग चर्चची फुलं..."

"आणि नवऱ्याचं दुःख कधी करता?"

उत्तरासाठी डॉक्टरीणबाई थांबल्या नाहीत. म्हणाल्या, लस आहे, दोनदा टोचून घ्यायची, मध्ये काही महिने जाऊ द्यायचे. एकदा नागीण होऊन गेलेल्यांनी तर जरूर घ्यावी. "हमी देत नाही, पण बहुतेकांची पुन्हा उठत नाही. उठलीच तर फणा काढत नाही. आणि उठली असं वाटलं तर त्याच दिवशी इकडे यायचं. फोड दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर नंतरचा तो ठणका टळण्याची आशा असते. लपवाल तर भोगाल. दुपारी मात्र आडवं पडायचं. हे औषधच आहे असं समजा."

आडवं पडणं! लिलावाला खाडा केला की एर्मेलिंदाला पाप केल्यासारखं वाटे. पण जेर्त्रूदेससाठी तिनं तेही केलं. पुतण्याला आठवड्यातले तीन लिलाव दिले आणि दुपारी दारासमोरच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसली. रिकामी बसलेली एर्मेलिंदा गावानं जन्मात पाहिली नव्हती. तासाभरात पाववाल्या तोमेच्या बायकोनं सूप आणून दिलं. पाद्रीबाबा सहज म्हणून येऊन गेले आणि जाताना कपाळावर क्रूस काढून गेले. शेवटी बेल्मिरोराव आले, टोपी काढली, तिला डोक्यापासून पायापर्यंत सावकाश न्याहाळलं. "काही लागलं तर सांगा हं, बाई."

"माप घेऊ नका, बेल्मिरोराव. मी अजून वाढतेय!"

पहिलं इंजेक्शन झालं. काही महिन्यांनी दुसऱ्याचा दिवस आला आणि नेमक्या त्याच दिवशी आल्बेर्तिनानं जेर्त्रूदेसची नागीण कापायचा मुहूर्त काढला. बेल्मिरोरावांनी विरोध करून पाहिला. "अहो, लगद्याच्या बाईला कसला रोग?"

"का? लाकडाच्या संताला केलेला नवस पावतो ना?" आल्बेर्तिना म्हणाली, आणि बेल्मिरोराव खिशातला रुमाल शोधायला लागले.

चर्चमागच्या खोलीत जेर्त्रूदेस उभी होती. शिडी लावली. काळ्या मुठीची सुरी, लसणाच्या पाकळ्या आणि शाईची बाटली घेऊन आल्बेर्तिना वर चढली. खाली दारात ही गर्दी! सुरी हवेत आडवी-उभी फिरवत ती पुटपुटायला लागली, "सरड्या, तुला कापते. पाली, तुला कापते. सापा, तुझं डोकं कापते, शेपूट कापते, मधला भाग वाळून कोळसा होऊ दे." मग दोन्ही टोकांना शाईची रेघ मारायची होती, म्हणजे नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळत नाही. मिळालं की माणूस गेला, असं सगळ्यांना ठाऊक. पण जेर्त्रूदेसच्या अंगावर फोड कुठे, नि टोकं कुठली? यावर खाली दोन तट पडले.

तोमे ओरडला, "एवढी कंबर! तोंडाला शेपटी गाठायची तर नागिणीला आगगाडी करावी लागेल!" लोक फिदीफिदी हसले. आल्बेर्तिनानं शिडीवरून लसणाची पाकळी त्याच्या टकलावर नेमकी मारली.

एर्मेलिंदाही गर्दीत होती, टोचलेला दंड शालीखाली धरून. संध्याकाळी तिला सडकून हुडहुडी भरली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं की एक-दोन दिवस अंग मोडून येईल. पण आल्बेर्तिना आत आली आणि वहिनीचे दात वाजताना बघून तिनं टाळी वाजवली. "निघाली! तिकडे कापली, इकडे विष निघालं! बघ, कसं थडथड बाहेर पडतंय!"

एर्मेलिंदानं तोंडात पांघरुणाचा बोळा कोंबला. इंजेक्शनचं सांगावं, तर या पोरीच्या आईच्या विद्येचा अपमान. न सांगावं, तर हसू आवरत नाही. तिनं न सांगायचं ठरवलं.

जुलैत घागरा धुतला गेला. या वेळी इस्त्री होणारच होती. रस्त्यात टेबलाला टेबल जोडून त्यावर घागरा पसरला. चार घरांतून चार इस्त्र्या आल्या, त्या एकदम लावल्याबरोबर गल्लीभर वीज गेली. मग एकीनं थांबायचं, दुसरीनं करायचं. पण आल्बेर्तिना कोणाला धड करू देईना. "घडी मोडली! चूण वाकडी! सरक तिकडे!" सकाळपासून दिवे लागेपर्यंत ती उभी. जेवायला बोलावलं तर म्हणे, आधी हा घेर होऊ दे. असे कितीतरी दिवस. डोळ्यांखाली काळं पडलं, पण घागरा असा झाला की आरशासारखा. एर्मेलिंदा म्हणायची, "अगं, बस जरा." तर ही म्हणायची, "तू बस. तुला बसायची सवय लागलीय. मला नाही."

जत्रेचा दिवस उजाडला तेव्हा एर्मेलिंदाच्या कुशीत ना चुणचुण ना आग. ती लहान पोरीसारखी तीन वेळा आरशापुढे जाऊन आली. समितीच्या मांडवात बेल्मिरोरावांनी तिला बाजूला घेतलं. दोन वर्षांपूर्वी तिनं मिरवणूक मध्येच सोडून आबीलियोच्या आवडत्या गुत्त्यासमोर नाच मांडला होता, ते त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. "चर्चपासून बंदरापर्यंत. सरळ. ठरलेल्या रस्त्यावरून पाऊल घसरलं तर जेर्त्रूदेस निकोलाऊची. सगळ्यांसमोर सांगतोय."

"सरळ म्हणजे सरळ," एर्मेलिंदा म्हणाली, आणि वाकून घागऱ्यात शिरली.

आणि काय सांगू! ढोल घुमायला लागले. इथला नियम असा की ढोलवाल्यांनी जेर्त्रूदेसच्या मागे चालायचं, ती जाईल तिकडे ढोल. जेर्त्रूदेस उठली, नवं नाक वर करून गावाकडे बघितलं आणि पहिलीच गिरकी अशी घेतली की आनास्तासियो दचकून भिंतीला टेकला. आनास्तासियोच्या आत पाववाला तोमे होता, तो आतूनच ओरडला, "अगं हळू, संसार करायचाय आपल्याला!" लोक वेडे झाले. माडीवरून फुलं, लाह्या, कोणाची तरी चप्पल. एर्मेलिंदा आत हसत होती, गरगरत होती, घामानं न्हात होती.

कारंज्याच्या चौकात ती थोडी थांबली आणि खिडकीतून तिला आल्बेर्तिना दिसली. भिंतीला टेकून उभी होती, पांढरा कडक पोलका घालून. सगळे टाळ्या वाजवत होते. हिचा एकच हात टाळीसाठी हलत होता. दुसऱ्या हातानं तिनं डाव्या कुशीवरचा पोलका चिमटीत धरला होता, अंगापासून लांब.

गर्दीतल्या कोणालाच त्यात काही वाटलं नसतं. एर्मेलिंदा मात्र खिडकीला नाक लावून बघत राहिली. असा कपडा चिमटीत कोण धरतं ते तिला पुरतं ठाऊक होतं. तिनं तो महिनोन्महिने धरला होता.

"आल्बेर्तिना!" जेर्त्रूदेसचं पोट ओरडलं. पुढची पोरं किंचाळून मागे सरली. "कधीपासून?"

"काय कधीपासून? नाच की तू!"

"चिमटीत धरलंयस ते! कधीपासून?"

आल्बेर्तिनाचा चेहरा पोलक्याएवढा पांढरा झाला. "परवापासून... अगं, उकडतंय म्हणून..."

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल!"

"मी? नागीण कापणारी मी, आणि मलाच नागीण? लोक काय म्हणतील, इस्त्री नव्हती? नाही येणार!" आणि ती वळली नि घराच्या बाजूला पळत सुटली.

एर्मेलिंदाला ठरलेला रस्ता समोर दिसत होता, सरळ बंदराकडे. तिथे बेल्मिरोराव हात पसरून उभे होते. आज जत्रेसाठी दवाखाना उघडा होता, उद्या बंद, आणि परवा म्हणजे उशीर. अर्धा क्षण ती जागच्या जागी डोलली. मग जेर्त्रूदेस डावीकडे वळली.

ढोलवाले नियमानं मागोमाग वळले. त्यांच्या मागे आनास्तासियो, बायको चालली म्हणून. त्यांच्या मागे अख्खी जत्रा. "अहो बाई! रस्ता! रस्ता!" बेल्मिरोराव टोपी हातात घेऊन धावत होते. पुढे आल्बेर्तिना, मागे जेर्त्रूदेस. अरुंद गल्लीत कोणाच्या तरी दोरीवरची चादर जेर्त्रूदेसच्या डोक्यात अडकली आणि ती नव्या नवरीसारखी पदर उडवत धावायला लागली. आल्बेर्तिना घराकडे वळायला गेली, जेर्त्रूदेसनं हात फिरवून वाट अडवली. मागे फिरायला गेली तर मागे ढोल. म्हशीला गोठ्यात घालावं तसं तिला हाकत हाकत एर्मेलिंदानं दवाखान्याच्या आवारात आणलं. डॉक्टर मफाल्दा पायरीवर बसून पाव खात होती. तिनं वर बघितलं, जेर्त्रूदेस, आनास्तासियो, ढोल, गाव, आणि पाव खाली ठेवला.

"कोणाला काय झालंय?"

"हिला!" जेर्त्रूदेसचं पोट म्हणालं. "परवापासून आहे, आणि ही लपवतेय!"

एर्मेलिंदानं पट्टा सोडला, जेर्त्रूदेसला आवारातल्या लिंबाच्या झाडाशी टेकवलं आणि नणंदेचा हात धरून तिला आत घेऊन गेली. डाव्या कुशीत लाल पट्टा, नुकतेच उठलेले फोड. "वेळेत आलात, मावशी," डॉक्टर म्हणाली.

"आले कसली! ढोल लावून आणली मला."

गोळ्या लगेच सुरू. पट्टा झाकून ठेवायचा. तोमेची पोटुशी लेक आणि तान्ही बाळं यांच्यापासून खपल्या धरेपर्यंत लांब राहायचं, कारण ज्यांना कांजिण्या आल्या नाहीत त्यांना यातून येऊ शकतात. बरं वाटलं की लस. आणि झोप. डॉक्टर लिहीत होती तोवर बेल्मिरोराव दारात आले, धापा टाकत, लालबुंद.

"संपलं, एर्मेलिंदाबाई. मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. निकोलाऊ, शीर रे आत."

क्षणभर एर्मेलिंदाला झाडाशी टेकलेली जेर्त्रूदेस दिसली, डोक्यावर चादर, वाट बघत असल्यासारखी. मग तिनं खुर्ची ओढली आणि आल्बेर्तिनाच्या शेजारी बसली. "शिरू दे त्याला," ती म्हणाली.

बाहेर निकोलाऊ आत शिरला. जेर्त्रूदेस उठली, झोकांडली, झाडाला धरून राहिली. "चला, वाजवा!" बेल्मिरोराव ओरडले.

ढोलवाल्यांचा म्होरक्या म्हातारा ताडेऊ. त्यानं ढोलावर कोपर टेकलं. "आम्ही जेर्त्रूदेसच्या मागे जातो. ती आत खुर्चीवर बसलीय." आणि त्यानं दवाखान्याच्या दाराकडे तोंड करून ढोलावर एक घाव घातला. मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांनी, जागच्या जागी, असे की औषधांच्या बाटल्या नाचायला लागल्या. गाव टाळ्यांचा ठेका धरून नाचायला लागलं. डॉक्टरनं आल्बेर्तिनाची छाती तपासायला नळी लावली आणि वैतागून काढून टाकली. "यात मला फक्त ढोल ऐकू येतोय!"

आत मात्र आल्बेर्तिना रडत होती. "वहिनी, जा गं. वर्षभर वाट बघितलीस. माझ्यापायी घालवलीस ती?"

"मला कोणी ओढत आणलं नव्हतं," एर्मेलिंदा म्हणाली. "नाताळपर्यंत मी एकटी त्या भिंतीला टेकून कुढत होते. तुला तसं बसू देईन होय?"

आल्बेर्तिनानं डोळे पुसले आणि एकदम थांबली. "कुठल्या भिंतीला?"

"मधल्या."

"म्हणजे माझ्याच पलंगाची भिंत ती. मी पलीकडेच होते."

"हो."

"एवढ्याशा भिंतीपलीकडे मी होते आणि मला कळलं नाही?"

"मी कळू दिलं नाही, बाळा."

"नाही, वहिनी. मी कधी विचारलंच नाही. तुझ्या मोज्यांना इस्त्री करून दारात ठेवायचे आणि निघून जायचे." आणि तिनं वहिनीच्या भरदार खांद्यावर डोकं टेकलं, डावी कूस सांभाळून.

बेल्मिरोराव दोन्ही कान दाबून आत आले. "अहो, घ्या! घ्या ती तुमची बाई! निकोलाऊ म्हणतो नको मला. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, जन्मभर घ्या, पण तेवढे ढोल इथून हलवा!"

एर्मेलिंदा हसायला लागली, मग आल्बेर्तिना, मग डॉक्टर. तिघींना थांबता येईना. एर्मेलिंदा उठली, दारापर्यंत गेली आणि वळली.

"मिरवणूक झाली की ये हं," आल्बेर्तिना म्हणाली. "आज मला एकटीला नाही राहायचं."

"येते. उशी घेऊनच येते," एर्मेलिंदा म्हणाली, आणि गावाच्या आरोळीत बाहेर पडली.